तीन लाख अठरा हजार किलोमीटरची हौस

लोक गाडी डोळ्यांनी बघतात. मिस्त्री कानांनी बघतो. मावशी मात्र गाडी बघतात ती माणसाच्या ढुंगणाकडून. हा शब्द त्यांचाच. तो त्यांच्या तोंडून इतक्या सहज येतो की ऐकणाऱ्याला लाजायची सवडच मिळत नाही.

एकतीस वर्षं त्या गाड्यांच्या सीटा शिवताहेत. गॅरेजांची एक लांब रांग आहे. वर पत्रे, खाली तेलाने काळी झालेली फरशी. त्या रांगेतला सातवा गाळा मावशींचा. आत जाड सुईचं मशीन, लेदरच्या गुंडाळ्या, फोमचे ढीग, भिंतीवर खिळ्यांना लटकलेल्या कात्र्या आणि पकडी. त्यांनी ट्रकच्या सीटा शिवल्या, बसच्या शिवल्या, एकदा दातांच्या डॉक्टरची खुर्चीसुद्धा शिवली. "त्या खुर्चीच्या हातांवर नखांचे ओरखडे होते," त्या सांगतात, "दोन्हीकडे अगदी सारखे. डॉक्टरांना म्हटलं, तुमचा हात जड आहे हो."

सीट बघून त्या माणूस सांगतात. गिऱ्हाईक गाडी लावून खाली उतरायच्या आत म्हणतील, "साहेब, पाकीट मागच्या खिशात ठेवून बसू नका, कंबर जाईल." किंवा, "तुमचा ड्रायव्हर दुपारी मागच्या सीटवर पाय वर करून झोपतो." एकदा एका जोडप्यासमोर बोलून गेल्या, की ड्रायव्हरशेजारच्या सीटवर रोज कोणीतरी बुटकं माणूस बसतं. बाई चांगल्या उंच होत्या. साहेबांचा चेहरा फोमसारखा पांढरा पडला. तेव्हापासून गिऱ्हाईक एकटं असल्याशिवाय मावशी तोंड उघडत नाहीत.

एकतीस वर्षं म्हणजे एकतीस वर्षांचे गुडघे. सीट शिवणं मशीनवर होतं, पण ती काढणं आणि बसवणं होतं गुडघ्यांवर. अर्धं अंग गाडीत, अर्धं बाहेर, एक गुडघा दाराच्या चौकटीवर टेकवून पकडीने कड्या ओढायच्या. आता त्यांचा डावा गुडघा दिवसभर बोलतो आणि उजवा संध्याकाळी रुसतो. म्हणून त्यांनी थोडे थोडे पैसे बाजूला टाकायला घेतले होते. त्याला त्या 'गुडघ्यांचे पैसे' म्हणत. पुढच्या वर्षी अठ्ठावन्न पूर्ण झाली की गाळ्याला कुलूप घालायचं, असं ठरलं होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं. घरातल्यांनी ते मावशींपेक्षाही पक्कं ठरवलं होतं.

आणि मग पॉलिश ती गाडी घेऊन आला.

पॉलिश म्हणजे जुन्या गाड्यांचा दलाल. आणलेल्या गाडीला आधी पॉलिश आणि मग स्वतःच्या जिभेला, म्हणून रांगेत त्याचं हे नाव पडलं. आता त्याची बायकोही त्याला फोनवर तेच म्हणते. गाडी लांबलचक, काळी. नवी होती तेव्हा अख्ख्या रांगेची वर्षाची कमाई एकत्र केली तरी तिची दोन चाकं आली असती. आता अकरा वर्षांची.

"मावशी, पुढच्या दोन्ही सीटा नव्याकोऱ्या दिसल्या पाहिजेत," पॉलिश म्हणाला. "शनिवारी एक कंत्राटदार बघायला येतोय. आकडा बघून तोंड वाकडं करायच्या आत त्याला सीटेवर बसवायचा."

"आकडा किती?"

"तीन लाख अठरा." त्याने आवाज खाली आणला. "पण मावशी, प्रेमाने चालवलीय."

"गाडी प्रेमाने चालवली की तीन लाख अठराचे दोन लाख होतात का रे?"

मापं घ्यायला मावशी नेहमी गुडघ्यावर बसतात. त्या दिवशी डावा गुडघा ऐकेना, म्हणून त्या सरळ ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. बाजूला एक बटण होतं, ते दाबलं. पाठीच्या खालच्या भागात सीटमधून काहीतरी हळूच पुढे आलं आणि टेकलं. एकतीस वर्षं कुरकुरणारी पाठ गप्प झाली.

त्या तशाच बसून राहिल्या. काचेपलीकडे रांग होती, मिस्त्री कोणाच्या तरी इंजिनात खांद्यापर्यंत घुसला होता, रंगवाला मास्क कपाळावर चढवून चहा पीत होता. सगळं रोजचंच होतं. फक्त त्याचा आवाज येत नव्हता. हजारभर गाड्यांत आपण बसलो, त्यांच्या मनात आलं, आणि त्यातली एकही पाच-दहा फुटांपलीकडे गेली नाही.

"झोपलात का काय?" पॉलिशने काचेवर टकटक केलं. "किती होईल?"

"ते मी विचारतेय. किती?"

"लेदर? ते तुम्हीच सांगायचं ना."

"गाडी रे बाबा. गाडी किती?"

पॉलिश हसला. मावशी हसत नाहीत हे दिसल्यावर त्याने हसू पुसलं आणि किंमत सांगितली. गुडघ्यांच्या पैशांपेक्षा ती थोडीशीच कमी होती.

मावशींनी आता सीट वाचायला घेतली. माणूस गाडीत शिरतो तेव्हा सीटची बाहेरची कड मांडीखाली घासते. शहरात फिरणारी गाडी दिवसातून वीसदा उघडते, मिटते. तिची ही कड दोन वर्षांत फाटते. हिची कड शाबूत होती. मधला भाग मात्र एकसारखा, सपाट दबलेला. याचा अर्थ माणूस सकाळी बसला की थेट संध्याकाळी उतरला. लांबचे मोकळे रस्ते, एकच वेग, ब्रेकला पाय क्वचित. असे तीन लाख म्हणजे शहरातल्या एक लाखासारखे.

मिस्त्रीचा गाळा सहावा, म्हणजे भिंतीला भिंत. वीस वर्षांचा शेजार. तो मावशींपेक्षा दहा वर्षांनी लहान आणि शंभर वर्षांनी निराश. गाडी सुरू करून त्याने कान लावला, खाली वाकून पाहिलं आणि हात पुसत म्हणाला, "मावशी, ह्या जातीच्या गाड्या दोन लाखांनंतर माणसाला खातात. आधी पैसे खातात, मग झोप खातात."

"तू इंजिन ऐकलंस?"

"ऐकलं. गातंय."

"तेल बदललं की कुठलंही इंजिन गातं. तू गाण्याला भुलतोस आणि गाडीला नावं ठेवतोस." मावशींचा आवाज चढला. रंगवाला आणि टायरवाला चहा घेऊन पुढे सरकले. "मी सांगते, ही हायवेची गाडी आहे. सीट खोटं बोलत नाही. एकतीस वर्षांत मला एकाही सीटने फसवलेलं नाही. तुला किती इंजिनांनी फसवलं ते सांगू का सगळ्यांसमोर?"

"नको," मिस्त्री म्हणाला. "वेळ जाईल."

घरी वेगळंच प्रकरण. मावशींचे यजमान पाणीपुरवठ्यात मीटर वाचायला होते. चौतीस वर्षं घरोघर जाऊन त्यांनी आकडे टिपले. लोक हातापाया पडले, रडले, अंगावर कुत्री सोडली. पण ह्यांनी आकड्यात कधी एकाचाही फरक केला नाही. जगात त्यांचा विश्वास फक्त मीटरवर.

"तीन लाख अठरा हजार," ते ताट पुढे ओढत म्हणाले. "अगं, पृथ्वीला सात-आठ फेऱ्या झाल्या."

"अहो, पण कशा झाल्या ते बघा ना. सावकाश झाल्या."

"फेरी म्हणजे फेरी. मीटरला सावकाश कळत नाही."

मुलगा त्या दिवशी मुद्दाम आला होता. बातमी त्याच्यापर्यंत मावशी घरी यायच्या आधीच पोचली होती. तो विम्याच्या कंपनीत आहे आणि त्याचं बोलणं नेहमी 'समजा'ने सुरू होतं.

"समजा, आई, गिअरबॉक्स गेला."

"गेला तर गेला."

"समजा, तू कुठेतरी मध्येच अडकलीस."

"तर बसेन. सीट चांगली आहे."

"अगं, पण कशासाठी? डॉक्टरकडे जायला मी आहे. बाजारासाठी रिक्षा आहे. तुला गाडी चालवता तरी येते का?"

"गेल्या वर्षी परवाना काढला."

ताटावरचे दोन्ही हात थांबले. यजमान म्हणाले, "बोलली नाहीस."

"कोणी विचारलं नाही. एकतीस वर्षं गाळ्यात गाड्या आतबाहेर कोण करतं, असं वाटलं तुम्हाला? पाच पाच फूट करत मी पृथ्वीला एक फेरी मारली असेल. आणि ह्या गाडीला क्लच नाही. डाव्या गुडघ्याला काम नाही."

"ते ठीक. पण कशासाठी?" मुलाने पुन्हा विचारलं.

मावशींना माहीत होतं, की त्या 'बहिणीला भेटायला' म्हणाल्या असत्या तर मुलगा विचारात पडला असता. 'ह्यांना दवाखान्यात न्यायला' म्हणाल्या असत्या तर सगळे गहिवरले असते. एखादं पवित्र कारण पुढे केलं की बाईला अर्धा खून माफ होतो. त्यांनी भाजी वाढली आणि म्हणाल्या, "हौस."

"काय?"

"हौस. एवढं काय दचकायचं? तुझ्या बाबांनी तो मोठा टीव्ही कशासाठी आणला? तू पळायचे बूट आणलेस आणि अजून एकदाही पळाला नाहीस, ते कशासाठी? मी विचारलं का?"

"टीव्ही बिघडला तर कोणाला गुडघ्यांवर बसावं लागत नाही," यजमान हळूच म्हणाले.

हे मात्र बरोबर लागलं. गाडी नीट निघाली तर गाळा वर्षा-दीड वर्षात बंद करता आला असता. गाडीने दगा दिला तर आणखी चार वर्षं चौकटीवर गुडघा टेकवायचा होता, आणि गुडघे चार वर्षं देतील की नाही हे गुडघ्यांनाही माहीत नव्हतं. मावशींनी ताटं उचलली. पण सकाळी निघताना आरशात बघून त्यांनी पदर असा खोचला, की यजमानांनी पेपर थोडा वर धरला.

पॉलिशने काम थांबवायला नकार दिला होता. "तुम्ही घ्याल तर तुमचीच शोभा, नाही घेतलीत तर कंत्राटदार आहेच." म्हणून दुसऱ्या दिवशी मावशींनी ड्रायव्हरची सीट बोल्ट सोडून बाहेर घेतली, टेबलावर उलटी केली आणि जुनं कव्हर उतरवायला पकड हातात घेतली.

सीटचं कव्हर फोमला धरून ठेवतात त्या लोखंडी कड्या, बोटाच्या पेराएवढ्या. कंपनीत त्या यंत्राने दाबतात. टोकं बाहेर राहतात आणि पुढच्या कारागिराच्या बोटात घुसतात. रांगेतले इतर कारागीरही टोकं बाहेरच ठेवतात, कारण पुढच्याचं बोट आपलं नसतं. फक्त मावशी प्रत्येक कडीचं तोंड आत वळवतात. दर कडीला अर्धं मिनिट जास्त जातं. आणि दुसरी एक खोड त्यांची: सीटच्या पोटाशी, जिथे कोणी बघत नाही तिथे, त्याच लेदरचा तळहाताएवढा तुकडा त्या टाचून ठेवतात. उद्या कुठे फाटलं तर पुढच्याला जुळणारं ठिगळ कुठून मिळणार?

पहिली कडी पकडीत आली आणि मावशींचा हात थांबला. तोंड आत होतं.

दुसरीचंही. तिसरीचंही. त्यांनी सीटच्या पोटाशी हात घातला. तळहाताएवढा तुकडा तिथे होता. मागच्या बाजूला पेनाने लिहिलेला महिना आणि वर्ष. अक्षर त्यांचंच. सहा वर्षांपूर्वीचं.

मावशी स्टुलावर बसल्या.

त्यांना आठवलं. सीटा सुट्या आल्या होत्या, टेंपोत घालून, गाडी त्यांनी पाहिलीच नव्हती. 'कंपनीचंच वाटलं पाहिजे' असं सांगितलं होतं, आणि त्यांनी टाक्यांचं अंतर मोजून मोजून कंपनीचा टाका असा उचलला होता की आज स्वतःचं काम स्वतःला ओळखू आलं नाही. कंपनीचं म्हणून काल त्यांनी जे वाचलं, ते त्यांनीच शिवलेलं होतं. म्हणजे सीटने सांगितली ती फक्त मागच्या सहा वर्षांची गोष्ट. आधीची पाच वर्षं त्या कव्हराखाली होती.

त्यांनी कव्हर उतरवलं. फोम कंपनीचा. बाहेरची कड चेपून चेपून दोन बोटं खाली बसलेली, आणि तिच्यावर चिकटवलेली पट्टी, तीही त्यांचीच. पॉलिशकडून गाडीचं सर्व्हिसचं पुस्तक मागवलं. पहिली पाच वर्षं गाडी एका हॉटेलची होती. पाहुणा आणायचा, पाहुणा सोडायचा. दिवसातून वीसदा नव्हे, चाळीसदा उघडायची, मिटायची. एक लाख साठ हजार किलोमीटर, सगळे शहरातले.

तो तुकडा टेबलावर पडला होता. पर्समध्ये टाकला असता तर कोणाला कळलं नसतं. मिस्त्री जन्मभर मानत राहिला असता की सीट खोटं बोलत नाही. मावशींनी तुकडा उचलला, सहाव्या गाळ्यात गेल्या आणि मिस्त्रीच्या हातात दिला.

"हे काय?"

"माझी अक्कल. नीट बघून घे, परत दाखवणार नाही."

त्यांनी सगळं सांगितलं. मिस्त्री ऐकत असताना त्याच्या तोंडावरची निराशा पहिल्यांदा थोडी मावळली. मग तो असा हसला की इंजिनाच्या बॉनेटला धरून उभा राहिला. रंगवाला आला, टायरवाला आला, त्यांनाही सांगावं लागलं.

"म्हणजे मावशी," टायरवाला डोळे पुसत म्हणाला, "तुम्हीच सीटेला खोटं बोलायला शिकवलंत!"

"आणि इतकं छान शिकवलं," मिस्त्री म्हणाला, "की स्वतःच फसलात. असली कारागिरी मी नाही पाहिली बुवा."

"झालं हसून? की अजून चहा मागवू?"

"मावशी, मनावर घेऊ नका. वाचलात."

दिवसभर हाच शब्द. पॉलिश म्हणाला, वाचलात. त्याला कंत्राटदार जास्त आवडत होता. घरी यजमान म्हणाले, "वाचलीस गं." मुलाने फोनवर सुटकेचा मोठा श्वास सोडला आणि त्याच श्वासात म्हणाला, "समजा, ते पैसे आता आपण मुदतठेवीत टाकले तर?" यजमानांनी मान डोलावली. संध्याकाळी घरात असं प्रसन्न वातावरण होतं की जणू कोणाचा ताप उतरला होता. टीव्हीचा आवाजही नेहमीपेक्षा मोठा.

मावशी पोळ्या लाटत होत्या. चुकलं होतं, त्यात वाद नव्हता. पण आपण चुकलो म्हणून अख्ख्या घराला इतकं बरं का वाटावं, हे त्यांना कळेना. काल गाडीबद्दल जेवढं माहीत होतं त्यापेक्षा आज दुप्पट माहीत होतं. काल होता तो अंदाज, आज गाडीचा अकरा वर्षांचा जन्म समोर होता. कंत्राटदाराला हे माहीत नव्हतं, पॉलिशलाही सकाळपर्यंत नव्हतं. आणि नेमकं सगळं कळल्यावर आपण मागे व्हायचं?

"अहो," त्या म्हणाल्या, "टीव्ही जरा कमी करा. मी अजून ठरवलेलं नाही."

यजमानांनी टीव्ही कमी केला नाही. बंदच केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी मिस्त्रीच्या हातात पाना दिला. "गाडी वर घे. सगळं बघ. मोडेल का, हे मला विचारायचं नाही. काय काय मोडणार, ते सांग."

"कालच तर..."

"काल मी सीटेला विचारलं. आज तुला विचारतेय. तुझा मान ठेवतेय तर ठेवून घे."

मिस्त्री तीन तास गाडीखाली होता. कामापेक्षा कण्हत जास्त होता. बाहेर आला तो एका पुठ्ठ्यावर यादी लिहून. पुढच्या चाकांवर स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्या आहेत. डावीकडची गळते, वर्षभरात जाणार. गिअरबॉक्सचं तेल जळालंय, पण दात शाबूत. हॉटेलच्या उघडमिटीने ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागऱ्या झिजल्यात. डाव्या चाकाचं बेअरिंग गुणगुणतंय.

"इंजिन?"

मिस्त्रीने इकडेतिकडे पाहिलं. कबुली द्यायचा त्याला सराव नव्हता. "इंजिन चांगलं आहे. खरंच चांगलं आहे. पण मावशी, ह्या यादीतलं एकेक काम म्हणजे..."

"किती गुडघे?"

"अं?"

"मला किती महिने जास्त काम करावं लागेल? तुझी मजुरी धरून. आणि मला सूट देतोस ते धरू नको, तू देत नाहीस."

मिस्त्रीने बोटांवर मोजलं. "सगळं एकदम निघालं तर दीड वर्ष. हवेच्या पिशव्या काढून साध्या स्प्रिंगा टाकल्या तर वर्ष. पण मग ती गाडी पूर्वीसारखी तरंगणार नाही. त्या कंपनीच्या माणसाने बघितलं तर रडेल."

"रडू दे. त्याला कोण बसवतंय?" मावशींनी पुठ्ठा घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला. एक वर्ष. चार नव्हे, एक. वर्षाचं त्यांना काय, असल्या एकतीस वर्षांना त्यांनी पाणी पाजलं होतं.

शनिवारी कंत्राटदार अकराला येणार होता. मावशी साडेनऊला पॉलिशच्या ऑफिसात गेल्या. ऑफिस म्हणजे काचेची पेटी, आत टेबल, पंखा आणि विकल्या गेलेल्या गाड्यांचे फोटो. सीटा त्यांनी गाडीत परत बसवल्या होत्या, पण नवं कव्हर न घालता. सहा वर्षांपूर्वीचंच.

"मावशी! अहो, तो माणूस येतोय! कव्हर कुठाय?"

"घालणार नाही."

"म्हणजे?"

"नवं कव्हर धरून तू जी किंमत लावली होतीस ती कव्हराची होती, गाडीची नाही. गाडीची किंमत ही." त्यांनी पुठ्ठा टेबलावर उघडला. खाली मिस्त्रीची सही होती. ती त्याच्याकडून कशी मिळवली ते त्यांनाच माहीत. "ह्यातलं प्रत्येक काम वजा कर. मग उरेल ते मी देते. आत्ता."

"असं कुठे असतं? कंत्राटदार कमी न करता घेईल."

"घेईल की. मी बाहेर स्टूल टाकून बसते. तो आला की त्याच्याशी सीटबद्दल चार गोष्टी बोलेन. बोलायची मला सवय आहे."

पॉलिशने पंख्याकडे पाहिलं, फोटोंकडे पाहिलं, पुठ्ठ्याकडे पाहिलं. मग हसला, ह्या वेळेस पॉलिश न लावता. "मावशी, तुम्ही सीटा शिवण्यात जन्म फुकट घालवलात."

"फुकट नाही. तू पैसे द्यायचास, उशिरा द्यायचास एवढंच."

अर्धा तास घासाघीस झाली. शेवटी पॉलिशने फॉर्म पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. "नाव कोणाचं टाकू? साहेबांचं की मुलाचं?"

मावशींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. पॉलिशने गडबडीने मान खाली घातली आणि मावशींचं पूर्ण नाव लिहिलं, जे रांगेत कोणालाच माहीत नव्हतं आणि ज्याच्यासाठी त्याला दोनदा विचारावं लागलं.

बाहेर यजमान उभे होते. कधी आले, कोणी सांगितलं, कळलं नाही. त्यांनी गाडीच्या काचेतून आत वाकून मीटरचा आकडा वाचला, खिशातली छोटी वही काढली आणि सवयीने टिपून घेतला.

"येताय का?" मावशी म्हणाल्या.

"नाही." ते थोडे थांबले. "मुलाला काय सांगू?"

"सांगा, समजा घेतली."

यजमान हसले नाहीत, पण त्यांनी दार नीट लागलंय का ते बघितलं. झिजलेल्या बिजागरीमुळे ते दोनदा लावावं लागलं. मावशींनी आरसे जुळवले, सीट पुढे घेतली, पाठीचं बटण दाबलं. मग पाच फूट नव्हे, पन्नास फूट गेल्या. मग शंभर.

रांगेसमोरून जाताना त्यांनी वेग कमी केला. टायरवाल्याने टोपी काढली आणि खोटा सलाम ठोकला. त्यांनी खरा मानून घेतला. सहाव्या गाळ्यापुढे थांबून हॉर्न दिला. मिस्त्री कुठल्याशा बॉनेटखाली होता. तो वर आला नाही.

"बंद पडली तर माझ्याकडे आणायची नाही," आतून आवाज आला.

"तुझ्याकडेच आणणार. आणि तू शिव्या देत देत करणार."

आता मिस्त्रीने डोकं बाहेर काढलं. एक कान गाडीकडे केला, कपाळाला आठ्या घातल्या. "डावं चाक गुणगुणतंय. मला इथपर्यंत ऐकू येतंय."

"मलाही येतंय," मावशी म्हणाल्या, आणि मोठ्या रस्त्याकडे वळल्या.